खोली नंबर अठरा, उत्तरेची भिंत

माझं काम तड्यांचं.
बोगदा ज्यांच्या खालून जाणार
त्यांच्या भिंती आधीच मोजून ठेवायच्या,
म्हणजे नंतर कुणी म्हणू नये, ही भेग तुमची.

विक्रोळीत, टेकडीच्या अंगाला, एकशेबारा खोल्या.
लोक चहा देत आणि तडे दाखवत,
ट्रंकेतलं ठेवणीतलं काढून दाखवावं तसे:
हा भूकंपाचा,
हा शेजाऱ्यांनी पोटमाळा काढला तेव्हाचा,
आणि हा देवाच्या तसबिरीमागचा, हा लिहू नका.

अठरा नंबरात लवू कुळये.
चाळीस वर्षं लेथवर. कंपनी गेली, व्हर्नियर राहिलं,
जुन्या पायमोज्यात गुंडाळलेलं.
मी भिंतीवर पट्टी चिकटवली,
पारदर्शक, आत चौकडी, वर लाल फुली,
तर म्हणाले, प्लास्टिकवर मोजणार तू?
आम्ही थाऊत मोजायचो.
डोक्याचा केस म्हणजे तीन थाऊ. बघ आता.

मग दर मंगळवारी दोन मापं.
माझं वहीत, त्यांचं कॅलेंडरवर, तिथीच्या खाली पेन्सिलीने.
माझं: बदल नाही.
त्यांचं: एक थाऊ वाढलीय, लिहून घे.
तसा रकाना नाही, काका.
मग वही कसली ती.

कॅलेंडरच्या कोपऱ्यात एक नंबर होता,
दर वर्षी नव्या कॅलेंडरवर पुन्हा उतरवलेला,
आणि पुढे फक्त: सुरत.
मुलगी. हिरे घासणाऱ्याशी लग्न केलं तिने.
बारा वर्षं झाली, यापलीकडे ते बोलले नाहीत.
गाडी झाल्यावर किती वेळ लागेल, एवढं विचारलं.
तासभर, मी म्हटलं.
तासाभरात मी एक शाफ्ट काढायचो, ते म्हणाले.

खाली यंत्र खाडीकडे सरकत होतं.
रात्री डंपर निघत, कातळाचं काळं पीठ घेऊन,
रस्त्यावर ओली रेघ सांडत.
मी ते यंत्र कधीच पाहिलं नाही.
सहा वर्षं त्याच्या डोक्यावर
लोकांच्या दारात चपला काढत राहिलो.

चौथ्या वर्षी त्यांची मापं भरकटली.
एका मंगळवारी तीन थाऊ जास्त, पुढच्या मंगळवारी पाच कमी.
भेग अशी श्वास घेत नाही.
मग मला ऐकू आलं: व्हर्नियरचा जबडा भिंतीवर वाजत होता,
टिक टिक टिक,
आणि हात त्यांचा होता.
मी शेऱ्यात लिहिलं,
रहिवाशांच्या मते हालचाल आहे.

उद्घाटनाच्या दिवशी मला सुट्टी होती, तरी गेलो.
टीव्हीवर गाडीच्या लांबट नाकाला झेंडूचा हार,
वाऱ्यात टिकणार नाही हे कुणालाही दिसत होतं.
उत्तरेच्या भिंतीशी त्यांनी पेला ठेवला,
स्टीलचा, काठोकाठ भरलेला.
गॅलरीतली पोरं फरशीला कान लावून पालथी.
गाडी हलली. मी घड्याळ धरलं.
आता कुर्ला. आता घाटकोपर.
आता.

पाणी हललं नाही.

गेली?
गेली.
पोरं उठली, गुडघे झटकून निघून गेली.
ते पेल्याकडे वाकून बघत बसले,
तपासनिसाने जॉब परत पाठवावा तसा चेहरा करून.
सहा वर्षं, म्हणाले. साधी टिचकी नाही.
आणि बऱ्याच वेळाने, नाइलाजाने:
चांगलं काम केलंय रे.

कॅलेंडरवर शून्य काढलं.
इतकं दाबून, की पेन्सिलीचं टोक तुटलं.

पट्टी उपटायला मी सुरी काढली, तसा नियमच आहे.
असू दे ती, म्हणाले.
पेल्यातलं पाणी एका दमात पिऊन टाकलं,
व्हर्नियर मोज्यात घातलं, मोज्याला गाठ मारली.
तिकीट कुठल्या खिडकीवर मिळतं?
खिडकी कसली काका, फोनवर मिळतं.

फोनवर, ते म्हणाले,
आणि कॅलेंडरच्या कोपऱ्याकडे बघत राहिले.
म्हणजे फोनच करावा लागणार.